पेटी घेण्याआधी हत्यारं मोजा

घरी छोटा लेथ आणायचा ठरला की माणूस सहा महिने चौकशी करतो. बेड किती लांब, चक किती इंची, मोटर किती ताकदीची, यावर अर्धी वही भरते. पण त्या लेथवर काम करायला जी हत्यारं आणि मापयंत्रं लागतात ती ठेवायची कुठे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. त्याचं उत्तरही घाईघाईत दिलं जातं. कुणी बिस्किटांचे रिकामे डबे काढतो, कुणी माळ्यावरची ट्रंक, तर कुणी दुकानात समोर दिसेल ती लाल रंगाची पेटी उचलून आणतो. दोन पावसाळे जातात. व्हर्नियरच्या जबड्यांवर तपकिरी ठिपके येतात, मायक्रोमीटर फिरवताना अडखळतो, आणि दोष मात्र ‘हल्लीच्या मालाला’ दिला जातो.

पडवीत, गच्चीवरच्या खोलीत किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात असा छोटा कारखाना मांडणारी मंडळी आपल्याकडे बरीच आहेत. कुणी निवृत्त टर्नर आहे, कुणाला वाफेच्या इंजिनाच्या प्रतिकृती करण्याचा नाद आहे, कुणी शेजारपाजारच्या पंपांचे बुश आणि शाफ्ट करून देतो. या सगळ्यांसाठी आज टेबलावर ठेवायच्या, खणांच्या पेटीचा विचार करू.

मोठ्या कारखान्यात काम केलेल्यांना टूल रूम आठवत असेल. खिडकीवर पितळी टोकन द्यायचं, हत्यार घ्यायचं, काम झालं की परत करायचं. हत्यार पुसणं, तेल लावणं, तपासणं ही काळजी टूल रूमवाल्याची. अमेरिकेत मात्र मशिनिस्टनं स्वतःची मापयंत्रं स्वतः विकत घ्यायची आणि नोकरी बदलली की पेटीसकट दुसरीकडे न्यायची, अशी रीत होती. त्या रीतीतून तिथे एका खास पेटीचा जन्म झाला. ओहायो राज्यातल्या डेटन गावी १९०६ साली सुरू झालेली गर्स्टनर कंपनी लाकडी पेट्यांसाठी, आणि त्याच राज्यात व्हॅन वर्ट इथे १९११ साली सुरू झालेली केनेडी कंपनी सुरकुत्यांच्या तपकिरी रंगाच्या पोलादी पेट्यांसाठी प्रसिद्ध झाली. साधारण वीस इंच रुंद, आठ-नऊ इंच खोल, तेरा-चौदा इंच उंच असा तिचा आकार. वर झाकणाखाली एक खोल कप्पा, त्याखाली सात ते अकरा उथळ खण, आतून मऊ बनातीचं अस्तर. पुढची फळी खालच्या फटीत सरकवून ठेवता येते; ती वर लावून झाकण बंद केलं की सगळे खण एका कुलपात. मधला एक खण तर ‘मशिनरीज हँडबुक’ हा जाडजूड ग्रंथ मावावा अशा मापाचा केलेला असतो. हा ग्रंथ १९१४ साली पहिल्यांदा निघाला आणि त्याच्या नव्या आवृत्त्या आजही निघतात.

ही पेटी परदेशातून मागवावी असं मुळीच नाही. तिच्यामागचा विचार मात्र घेण्यासारखा आहे. घरच्या कारखान्यात टूल रूम नसते, म्हणून पेटीलाच टूल रूमचं काम करावं लागतं. ती मोजमापाच्या आणि नाजूक धारेच्या हत्यारांचं घर आहे. हातोड्या, पाने, पाइप रेंच, मोठ्या कानशी यांची जागा भिंतीवरच्या फळीवर किंवा टेबलाखाली. एवढी एक गोष्ट पक्की केली तर निम्मी निवड तिथेच होते, कारण मग फार मोठी पेटी लागतच नाही.

आधी जमिनीवर मांडा

दुकानात जाण्यापूर्वी एका रविवारी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरा आणि जे जे पेटीत जायचं आहे ते सगळं मांडा. घरातल्यांची बोलणी खावी लागतील. पण तासाभराचं काम आहे. मोजायची हत्यारं एका बाजूला, आखणीची दुसऱ्या, ड्रिल-टॅप-रीमर तिसऱ्या, लेथचे टूल बिट आणि कोलेट चौथ्या. प्रत्येक ढिगाची लांबी, रुंदी आणि मुख्य म्हणजे उंची लिहून ठेवा.

उंची लिहिताना गंमत कळते. स्टीलची पट्टी, फीलर गेज, छोटा गुण्या, सुटे टूल बिट यांना एक इंचाचा खण पुरतो. डबीतला मायक्रोमीटर ठेवायचा तर दोन इंच हवेत. १५० मिलिमीटरचं माप घेणारा व्हर्नियर स्वतः सुमारे २३५ मिलिमीटर लांब असतो, आणि ३०० मिलिमीटरचा तर ४०० च्या आसपास जातो. तो तिरपा ठेवावा लागला की पूर्ण खण त्यानंच अडवलेला. डायल गेजचा स्टँड आणि व्ही ब्लॉक यांच्यासाठी तळाचा एक खोल खण किंवा झाकणाखालचा कप्पा हवा. चुंबकाच्या बैठकीचा स्टँड मापयंत्रांच्या शेजारी कधीही ठेवू नये. यंत्राला चुंबकत्व लागलं की लोखंडाचा बारीक कीस त्याला चिकटत राहतो.

या मोजणीतून बहुतेकांना एकच उत्तर मिळतं : उथळ खण जास्त, खोल खण कमी. खोल खणात हत्यारांवर हत्यारं रचली जातात. खालचं काढताना वरचं आदळतं, आणि शंभराव्या भागापर्यंत मोजणारं यंत्र आदळलं की त्याच्या मापाचा भरवसा गेला. रचलेल्या हत्यारांपैकी तळातलं हत्यार आपल्याकडे आहे, हेसुद्धा माणूस विसरतो आणि बाजारातून दुसरं घेऊन येतो. मोजून आलेल्या खणांपेक्षा दोन-तीन खण जास्त असलेली पेटी घ्या. हत्यारं वाढतातच.

वजनाचा हिशेब

पोलादाचं वजन डोळ्यांना कळत नाही. तीस सेंटिमीटर लांब, वीस रुंद आणि अडीच जाड एवढा पोलादाचा ठोकळा जवळजवळ बारा किलो भरतो. कोलेट आणि ड्रिलनी गच्च भरलेला खण इतका नसला तरी चार-पाच किलोंना सहज जातो. म्हणून दुकानात रिकामा खण मागेपुढे सरकवून काही समजत नाही. सोबत दोन-दोन किलोंची वजनं न्या, खणात ठेवा, खण दोन तृतीयांश बाहेर ओढा आणि कोपरा हलकेच दाबा. खण वाकडा होऊन अडकला तर ती पेटी तिथेच ठेवा.

खण सरकण्याच्या दोन पद्धती असतात. साध्या पद्धतीत पत्रा पत्र्यावर घासत सरकतो. ती स्वस्त, टिकाऊ आणि हलक्या हत्यारांना पुरेशी असते. पण खण पूर्ण बाहेर येत नाही, मागचा भाग अंधारातच राहतो. दुसरीत बेअरिंगच्या पट्ट्या असतात. त्यावर जड खणही बोटानं सरकतो आणि पूर्ण उघडतो. मात्र दोन-तीन भरलेले खण एकदम बाहेर काढले तर पेटी पुढे कलंडू शकते. घरात लहान मुलं असतील तर एका वेळी एकच खण उघडेल अशी सोय असलेली पेटी पाहा, नाहीतर पेटी मागून भिंतीला बोल्टनं आवळा. कुलूप तर हवंच.

लाकूड की पोलाद?

लाकडी पेटीचा दिमाख वेगळा, यात शंका नाही. पण लाकडातून, विशेषतः ओकमधून, आम्लाची वाफ सावकाश बाहेर पडत असते आणि बंद जागेत ती पोलादाला गंज आणते. प्लायवूड आणि भुशाच्या फळीतल्या डिंकाचाही तसाच उपद्रव होतो. लाकडाचीच हवी असेल तर चांगलं मुरलेलं, कोरडं लाकूड घ्यावं, आतूनही पॉलिश करून घ्यावं आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवावी. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि खण अडकतात, हे मुंबई, गोवा किंवा चेन्नईत राहणाऱ्यांना सांगायला नको. इंदूर-नागपूरकडे वर्षाचे आठ महिने लाकूड सुखात राहील. पुढच्या चार महिन्यांचा प्रश्न उरतोच.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पोलादी पेटीच घ्यावी असं माझं मत आहे. पत्रा खणांना ०.९ मिलिमीटर आणि बाहेरच्या खोक्याला १.२ मिलिमीटर जाडीचा असला तर घरच्या कामाला पुरतो. रंग आतल्या कडांपर्यंत पोचला आहे ना, कडा दुमडलेल्या आहेत ना, हे बोट फिरवून पाहा. मनासारखी तयार पेटी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात मिळाली नाही, तर कपाटं बनवणाऱ्या चांगल्या फॅब्रिकेटरकडून आपल्या मापानं करून घेता येते. त्याला फक्त बाहेरची मापं देऊ नका. प्रत्येक खणाची आतली उंची लिहून द्या, कारण घोटाळा नेमका तिथेच होतो. जुन्या बाजारात कचेऱ्यांतली उथळ खणांची पोलादी कपाटं मिळतात. घासून, रंगवून तीही उत्तम काम देतात.

अस्तर आणि दमट हवा

खणात वर्तमानपत्र घालायची आपली सवय आधी सोडा. तो कागद आम्लधर्मी असतो आणि ओलही धरतो. बनात मऊ असते, पण दमट हवेत तीही पाणी शोषते. म्हणून तिच्यावर तेलाचा हलका हात फिरवावा लागतो. साधा स्पंज तर काही वर्षांत चिकट होऊन हत्यारांना लागतो. त्यापेक्षा ईव्हीए फोमचा पातळ तक्ता बरा. त्यात हत्याराच्या आकाराचे खळगे कापले तर काम संपल्यावर कोणती जागा रिकामी आहे ते एका नजरेत दिसतं. गंज रोखणारा व्हीसीआय कागद मिळतो, तोही खणाच्या तळाशी घालता येतो.

हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंज वेगानं धरू लागतो. कोकणपट्टीत पावसाळाभर ती ऐंशीच्याही वर असते. त्यात आपल्या बोटांच्या घामातलं मीठ. तेव्हा काम संपल्यावर हत्यार पुसायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ थर द्यायचा, ही सवय पेटीपेक्षाही महत्त्वाची. खोबरेल किंवा गोडेतेल मात्र नको. ते खवट होतं आणि चिकटतं. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या खणात फार दिवस टिकत नाहीत. त्या मापयंत्राच्या बंद डबीत ठेवाव्या आणि रंग बदलला की गरम करून सुकवून घ्याव्या. त्यासाठीचं भांडं वेगळं ठेवा, ते परत स्वयंपाकघरात नेऊ नका. जुने फिटर पेटीत कापराची वडी ठेवतात. ठेवायला हरकत नाही, पण कापूर उडून जातो. तेलाची जागा तो घेत नाही.

मायक्रोमीटर ठेवताना त्याची दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट टेकवू नका, थोडी फट असू द्या. नाहीतर उष्णतेनं ताण येतो, आणि टेकलेल्या जागी ओल अडकून गंज धरतो.

पेटी कुठे ठेवाल?

सोयीचं म्हणून अनेकजण पेटी लेथच्या मागे ठेवतात. ही सोय घातक आहे. फिरत्या चकवरून हात पुढे नेऊन खण उघडायला गेलं की बाही अडकायला क्षण पुरतो. पेटी लेथच्या शेजारी, एक पाऊल वळून घ्यावं लागेल अशी ठेवा. ग्राइंडरपासून ती जितकी लांब तितकी चांगली. दगडाची पूड मायक्रोमीटरच्या आट्यांत गेली की आटे झिजतात. खिडकीतल्या उन्हातही ठेवू नका. दहा अंशांच्या फरकानं २५ मिलिमीटर पोलाद सुमारे तीन मायक्रॉननं वाढतं. घरच्या कामाला हे फार नाही, पण उन्हात तापलेलं यंत्र आणि सावलीतला जॉब यांचं माप जुळत नाही. पेटीची उंची अशी हवी की झाकणाखालचा कप्पा उभ्यानं, टाचा न उंचावता दिसेल. पेटी भिंतीपासून बोटभर दूर आणि रबरी पायांवर ठेवा, म्हणजे भिंतीची ओल तिच्यात शिरणार नाही.

शेवटचं काम अर्ध्या तासाचं आहे, पण बहुतेकजण ते करत नाहीत. प्रत्येक खणावर चिठ्ठी लावा आणि झाकणाच्या आतून पूर्ण यादी चिकटवा : हत्याराचं नाव, माप, घेतल्याचं साल. अनेक घरांत टर्नर आजोबांच्या मागे त्यांची पेटी उघडली जाते तेव्हा कशाला काय म्हणतात हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि आयुष्यभर जपलेली यंत्रं भंगाराच्या भावानं, किलोवर जातात. यादी असली तर घरातल्या एखाद्या मुलीला किंवा नातवाला निदान हे कळेल की तिसऱ्या खणातली ती गोल वस्तू डायल गेज आहे. आणि यादी लिहिताना तो किंवा ती शेजारी बसली, तर एक-दोन हत्यारं हातात घेऊन मोजायलाही शिकेल.