पार्सलावर नाव मुलाचे

माझ्या नावाने घरी आलेले पहिले टपाल म्हणजे 'किशोर'चा अंक. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या या मासिकाची वर्गणी वडिलांनी माझ्या नावाने भरली होती. पोस्टमनकाकांनी नाव पुकारले आणि अंक माझ्याच हातात दिला. त्या अंकात काय होते ते आता आठवत नाही. वेष्टनावरचे माझे नाव मात्र आठवते.

नेमके हेच मर्म इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातील रोझ ग्रिफिथ्स यांनी ओळखले. २००३ साली त्यांनी 'लेटरबॉक्स क्लब' सुरू केला आणि पुढे 'बुकट्रस्ट' या संस्थेच्या साथीने तो दूरवर पोहोचला. आईवडिलांपासून दूर, सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबात वाढणाऱ्या मुलांना महिन्यातून एक, अशी सहा महिने घरपोच पार्सले येऊ लागली. त्यांत गोष्टींची पुस्तके, गणिताचे खेळ आणि लिहिण्याचे साहित्य. पत्ता मुलाच्या नावाचा आणि आतल्या वस्तू कायमच्या त्याच्या.

या मुलांचे घर बदलते, त्याबरोबर शाळाही बदलते. जुन्या शाळेत अपूर्णांक सुरू व्हायचे असतात, नव्या शाळेत ते संपलेले असतात. गोष्टीचे एखादे पान सुटले तरी पुढचे थोडेफार कळते. गणिताची पायरी सुटली की पुढचा जिनाच बंद होतो. मग 'याला गणित जमत नाही' हा शिक्का बसतो आणि मुलालाही तो खरा वाटू लागतो.

कोणी म्हणेल, अशा मुलाला आधी माया हवी, पुस्तकांचे मागाहून पाहू. पण या दोन गोष्टी वेगळ्या कशाला मानायच्या? फाशांचा खेळ एकट्याने रंगत नाही. समोर आजी किंवा मामा बसावा लागतो. शिकवणीला बसायला कचरणारे मूल डाव मांडायला बसते आणि बेरीज-वजाबाकी नकळत होऊन जाते. खोका कोणाला शिकवत नाही, हे खरेच. तो दोन माणसांना शेजारी बसवतो, हेही थोडके नाही.

आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अशा कौटुंबिक संगोपनाला मान्यता दिली आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेतून निराधार किंवा एकच पालक असलेल्या मुलांसाठी महिना २,२५० रुपये मिळतात. ते धान्यात, औषधपाण्यात जातात आणि तसे जाणे स्वाभाविकच आहे. पण त्यात मुलाने 'हे माझे' म्हणावे असे काही उरत नाही. याच योजनेला वर्षाकाठी सहा पार्सलांची जोड द्यायला काय हरकत आहे?

शासनाने मनावर घेईपर्यंत आपणही थांबायला नको. तुमच्या ओळखीत आजीकडे किंवा काकांकडे वाढणारे एखादे मूल असेल. घरच्यांना विचारून त्याच्या नावाने एखाद्या मासिकाची वर्गणी भरा, सोबत एक सापशिडी आणि फाशांची जोडी पाठवा. वापरून फाटलेली पुस्तके नकोत, समारंभ नको आणि फोटो तर मुळीच नको. फक्त पार्सलावर त्याचे पूर्ण नाव स्वच्छ अक्षरात लिहा. दारात ते नाव मोठ्याने पुकारले जाऊ द्या.