ताट रिकामे परत येत नाही

दिवाळीत शेजारच्या बिऱ्हाडी फराळाचे ताट पाठवले, की ते रिकामे परत येत नाही, हे गृहिणींना सांगायला नको. आपल्या चकल्या गेल्या, तर त्यांचे अनारसे येतात. पण तेच ताट जत्रेच्या गर्दीत कोणाच्या हाती दिले तर? गेले ते गेलेच! देणारा तोच, ताटही तेच. फरक पडतो तो घेणाऱ्यांच्या गर्दीने. अणूंच्या जगातही असाच प्रकार आढळतो, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल.

अणूला थोडी ऊर्जा दिली, तर तो ती कायमची जवळ ठेवीत नाही. प्रकाशाचा एक कण बाहेर टाकून तो शांत होतो. तो कण अफाट मोकळ्या जागेत निघून जातो आणि परत येत नाही. आपल्याला कोणी काय दिले, याची भोवतालाला जणू आठवणच राहत नाही. अशा विसराळू व्यवहाराला शास्त्रज्ञांनी मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाचे नाव दिले आहे. पुढे काय होणार हे केवळ आताच्या स्थितीवरून ठरते. मागचा इतिहास विचारतो कोण?

मग अणूचा शेजारच लहान केला तर? पॅरिसमध्ये प्रा. सर्ज हारोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केले. नायोबियम धातूचे दोन आरसे समोरासमोर ठेवून त्यांनी ते उणे २७२ अंशांपर्यंत थंड केले, आणि मधल्या रिकाम्या जागेतून रुबिडियमचे ऊर्जेने भरलेले अणू एकेक करून सोडले. बाहेर पडल्यावर प्रत्येक अणू भरलेला की रिकामा, हे तपासले. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अणू आत किती वेळ राहिला, त्याप्रमाणे तो रिकामा होई आणि पुन्हा भरलेला होई! दिलेला कण आरशांमध्ये राही व अणू तो परत घेई. ही देवघेव सेकंदाच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागात एकदा पुरी होत असे.

पुढे २००७ साली या मंडळींनी असे आरसे वापरले, की त्यांत प्रकाशकण सरासरी ०.१३ सेकंद टिकला. तेवढ्यात तो जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणेइतका पल्ला मारतो! २०१२ साली प्रा. हारोश यांना डेव्हिड वाइनलँड यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

केवळ ऊर्जाच परत येते असे मात्र नाही. दोन निरनिराळ्या अवस्थांतून सुरुवात केली, तर भोवतालाच्या संगतीने त्यांतला फरक पुसट होत जातो. तो मध्येच पुन्हा ठळक झाला, तर भोवतालाने माहिती परत केली असे समजावे, अशी कसोटी २००९ साली ब्रॉयर, लाइने आणि पिइलो या शास्त्रज्ञांनी सुचवली. क्वांटम संगणक बांधणाऱ्यांना या आठवणीचे मोल मोठे आहे. कारण त्यांच्या यंत्रातली नाजूक माहिती भोवतालात झिरपून जाते, हेच त्यांचे मुख्य दुखणे.

अर्थात आरसे झाले तरी ते कधीतरी गळतातच. देवघेव हळूहळू विरते. पण एक गोष्ट पक्की झाली. दिलेले परत येईल की नाही, हे एकट्या देणाऱ्यावर ठरत नाही, शेजारावरही ठरते. तेव्हा यंदा शेजारी ताट पाठवाल, तेव्हा त्या पॅरिसच्या अणूची आठवण जरूर ठेवा!