प्लॉट पाडले, शाळेचं काय?
वर्धा नगरपालिकेची हद्द कुठे संपते आणि पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडी कुठे सुरू होतात, हे आता घरांच्या रांगांवरून कळत नाही. शेतात चुन्याच्या रेषा पडल्या, सिमेंटचे खुंट रोवले की प्लॉटची बोली लागते. रस्ता, नाली, मोकळी जागा नकाशात दाखवतात. शाळेचा विषय निघतो तो लोक राहायला आल्यावर. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी. पण घरपट्टी ग्रामपंचायतीकडे आणि शाळा जिल्हा परिषदेकडे, मग वाढत्या वस्तीचा हिशेब मांडायचा कुणी? १९३७ च्या ऑक्टोबरात नई तालीम या शिक्षणपद्धतीचा विचार ज्या वर्ध्यात मांडला गेला, तिथे ही हयगय खपवून घेता येणार नाही. येत्या ग्रामसभेत नव्या लेआऊटसाठी वर्गखोल्यांच्या तरतुदीचा ठराव मांडाच.