सुईचा मान आणि सुईची कसोटी

सांगलीच्या हळदपेठेत उभे राहावे आणि हळदीचा दरवळ जाणवू नये. साताऱ्यात कंदी पेढ्यांचा पुडा उघडावा आणि खव्याचा खमंगपणा कळू नये! २०२० पासून आलेल्या कोरोनाच्या लाटांनी अनेक घरांना हा अनुभव दिला. बहुतेकांचे गंधज्ञान काही आठवड्यांत परतले. काहींचे मात्र महिनोन्महिने परतले नाही. ज्या गृहिणीला करपलेले दूध कळत नाही, तिला गॅसची गळतीही कळत नाही. हा केवळ जिभेच्या चोचल्यांचा प्रश्न नव्हे.

अशा रुग्णांना अॅक्युपंक्चरचाही उपाय सुचविला जातो. उपचार चिनी म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये रुग्णसेवेसाठी गेले आणि १९४२ साली तेथेच निवर्तले. त्यांच्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे ही विद्या शिकून कोलकात्यात रुजविली. महाराष्ट्राने २०१५ साली तिच्यासाठी कायदा केला, २०१९ साली केंद्रानेही मान्यता दिली. परंतु उपचारपद्धतीला मान्यता मिळाली म्हणजे तिच्या प्रत्येक दाव्यावर शिक्कामोर्तब झाले, असे नव्हे.

विषाणूमुळे वास गेलेल्या रुग्णांवरील जर्मनीतील एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. १५ जणांना सुया टोचल्या, १५ जणांना ‘ब’ जीवनसत्त्व दिले. पहिल्या गटात ८, दुसऱ्यात २ जण सुधारले. आशा वाटावी असा हा निष्कर्ष. पण संख्या तुटपुंजी, आणि सुईवरील विश्वासाचा वाटा किती, हे त्यातून कळत नाही. शिवाय गंधपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असल्याने अनेकांना आपोआपच गुण येतो. मग श्रेय सुईचे की निसर्गाचे?

याउलट, जर्मनीतीलच थॉमस हुमेल यांनी २००९ साली मांडलेल्या गंध-सरावाला पुढे अनेक अभ्यासांचा आधार मिळाला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार गंध सकाळ-संध्याकाळ मन लावून हुंगावयाचे आणि हा क्रम किमान १२ आठवडे चालवायचा. तोही हमखास उपाय नव्हे. पण त्याला खर्च जवळजवळ नाही.

म्हणून रुग्णाने आधी कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाला दाखवावे, घरी हा सराव करावा आणि स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवावे. त्यानंतरही सुया घ्यावयाच्या असतील, तर उपचारक नोंदणीकृत आहे व सुया निर्जंतुक, एकदाच वापरावयाच्या आहेत, याची खात्री करावी.

आणि मिरज व साताऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी या उपचाराची रीतसर चाचणी हाती घ्यावी. गंध-सराव सर्वांना द्यावा. मात्र निम्म्यांना खऱ्या सुया, निम्म्यांना नुसता टोचल्याचा आभास. उपचार खरा असेल तर तो कसोटीला उतरेल; नसेल तर गरिबाचे पैसे वाचतील. सुश्रुताचा वारसा सांगणाऱ्या समाजाला परीक्षेचे भय कशासाठी?