गाडीत बसली, पण उतरली कुठं?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटाच्या निवासी शिबिरात रात्री जेवणं उरकल्यावर ‘उंबरठा’ दाखवला. वस्तीतल्या, धुणीभांडी करणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या अशा तीसेक बायका सतरंजीवर बसून बघत होत्या. शेवटी सुलभा घर सोडते, आगगाडीत बसते आणि चित्रपट संपतो. आम्हा कार्यकर्त्यांचे डोळे भरून आले होते. आता चर्चा रंगणार असं वाटत असताना मागून एक बाई म्हणाली, ‘‘ताई, ही गाडीत बसली खरी, पण उतरली कुठं?’’

काहीजणी हसल्या. ती हसली नाही. नवऱ्याने हाकललं तेव्हा दोन रात्री तिने एस.टी. स्टँडवर काढल्या होत्या, कडेवर पोर घेऊन. तिचा प्रश्न कथानकाचा नव्हता, मुक्कामाचा होता.

मैत्रिणींनो, तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. अन्यायाविरुद्ध एकटी उभी राहणारी बाई पुस्तकात किंवा पडद्यावर भेटली की आपण भारावून जातो. तसं होणं गैर नाही. आपल्यापैकी कितीतरी जणींना चळवळीकडे आणणारी अशीच एखादी नायिका असते. पण तिचं धाडस बघताना तिच्या आजूबाजूला कोण होतं, आणि कोण असायला हवं होतं पण नव्हतं, हे आपण क्वचितच विचारतो.

‘उंबरठा’चंच घेऊ. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन आणि स्मिता पाटील. साल 1982. सुलभा सुखवस्तू घरातली शिकलेली सून. घर आणि लहान मुलगी मागे ठेवून ती एका महिलाश्रमाची अधीक्षक होते. तिथला गैरकारभार आणि व्यवस्थापक मंडळींचा ढोंगीपणा यांच्याशी झगडते, शेवटी राजीनामा देते. घरी परतते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली. ती पुन्हा बाहेर पडते. आपण टाळ्या वाजवतो. पण बघा, साऱ्या चित्रपटात सुलभाला बरोबरीने साथ देणारी एकही मैत्रीण नाही, संघटना नाही. तिचा कणखरपणा आपल्या डोळ्यांत भरतो आणि तिचं एकटं पडणं आपल्याला स्वाभाविक वाटतं. ते स्वाभाविक नाही. समाजाने बंडखोर बाईला दिलेली ती शिक्षा आहे.

आता 45 वर्षं मागे जाऊ. शांतारामबापूंचा ‘कुंकू’ 1937 चा, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. पोरक्या नीराचं लग्न तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुराशी लावून दिलं जातं. शांता आपटेंची नीरा रडत बसत नाही. ती त्याला नवरा मानायलाच नकार देते. त्या काळात हे किती अवघड असेल! मला मात्र नीराइतकीच त्या म्हाताऱ्याची मुलगी चित्रा महत्त्वाची वाटते. सावत्र आई म्हणून आलेल्या आपल्याहून लहान मुलीच्या बाजूने ती उभी राहते आणि स्वतःच्या बापाला त्याची चूक दाखवते. ही भूमिका केली होती शकुंतला परांजपे यांनी, र. धों. कर्व्यांबरोबर संततिनियमनाचं काम करणाऱ्या शकुंतलाबाईंनी. म्हणजे पडद्यावर बाईची बाजू घेणारी बाई प्रत्यक्षातही तेच करत होती. ‘कुंकू’चा शेवट मात्र खटकतो. नीराची सुटका होते ती म्हाताऱ्याच्या आत्महत्येने. बाईला मोकळं व्हायचं तर पुरुषाने पश्चात्ताप करून मरावं लागतं, आणि तिच्या वाट्याला वैधव्य येतं. समाज जिथल्या तिथेच राहतो.

म्हणून मला केतन मेहतांचा ‘मिर्च मसाला’ (1987) पुनःपुन्हा दाखवावासा वाटतो. गुजरातेतलं गाव, इंग्रजी अमदानी. सुभेदाराची नजर सोनबाईवर पडते. ती त्याला थोबाडीत मारते आणि मिरच्या कांडण्याच्या कारखान्यात आसरा घेते. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ दरवाजा लावून घेतो तो उघडतच नाही. पण आतल्या बायका? त्या लगेच तिच्या बाजूने होत नाहीत. तुझ्या एकटीपायी आम्ही का मरायचं, असं तिला सुनावतात. गावातले पुरुष तर तिला सुभेदाराच्या हवाली करायला तयारच असतात. मुखीची बायको गावातल्या बायकांना घेऊन थाळ्या वाजवत निघते. ते बघताना आपल्याला मुंबईतले 1972 चे लाटणे मोर्चे आठवल्याशिवाय राहत नाहीत. शेवटी दरवाजा फुटतो, अबू मियाँ मारला जातो, आणि त्याच बायका, ज्या तिला दोष देत होत्या, पोत्यांनी मिरचीपूड सुभेदाराच्या डोळ्यांत फेकतात.

यात मला सर्वांत खरं वाटतं ते त्या बायकांचं आधी कचरणं. त्या भित्र्या नसतात, त्यांना पोटं असतात, पोरं असतात. भीती ओलांडायला त्यांना वेळ लागतो. मोहल्ला कमिटीत, पोलीस चौकीत, पंचायतीत आपण हेच अनुभवतो. आज गप्प बसलेली शेजारीण उद्या साक्ष द्यायला येते, जर तिला कोणी बाद करून टाकलं नसेल तर.

इथे आपल्याच घरात डोकावायला हवं. आपल्यालाही नायिका आवडतात. घर सोडून ताठ मानेने जगणारीला आपण व्यासपीठावर बोलावतो. पण जी सोडते आणि परत जाते, पुन्हा सोडते आणि पुन्हा जाते, तिच्यावर आपण चिडतो. ‘‘इतकं केलं तिच्यासाठी, आणि गेली परत!’’ हे वाक्य मीही बोलले आहे. अशा वेळी हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ काढून वाचावं. श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ (1977) त्यावरच बेतलेला. हंसाबाई स्वतःला शूर म्हणून पेश करत नाहीत. ज्याचा जाच होता त्याच्याकडे परत गेल्याचं, चुकल्याचं, दारूच्या नादी लागल्याचं सरळ सांगून टाकतात. या पुस्तकाने मला शिकवलं की परत जाणं म्हणजे प्रतिकार संपणं नव्हे. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिलं ते नवऱ्यापासून लपवून, आणि कित्येक वर्षं ते लिखाण दडवून ठेवलं. त्या काळात त्यांना बाहेरून पाहणाऱ्या कोणालाही त्या बंडखोर दिसल्या नसत्या.

‘उंबरठा’नंतर पुष्कळ बदललं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आला. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला त्या घरात राहण्याचा हक्क मिळाला, तिला बेकायदा बाहेर काढता येत नाही. सुलभाच्या वेळी हे नव्हतं. ही चळवळीची मोठी कमाई आहे. पण संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज जाऊन आदेश हातात पडेपर्यंतच्या रात्रींचं काय? रात्री अकरा वाजता मार खाऊन बाहेर पडलेल्या बाईला कलम नको असतं, उघडं दार हवं असतं.

त्या शिबिरानंतर आम्ही एक वही केली. अडलेल्या बाईला रात्रीबेरात्री, काही न विचारता, एक-दोन दिवस ठेवून घेतील अशा घरांची नावं तिच्यात लिहिली. पहिलं नाव तो प्रश्न विचारणाऱ्या बाईने लिहायला लावलं. स्वतःचं. तिची खोली आठ बाय दहाची आहे.

तेव्हा पुढच्या वेळी गटात चित्रपट दाखवाल किंवा पुस्तक वाचाल, तेव्हा ‘नायिका कशी वाटली’ एवढ्यावर थांबू नका. या गोष्टीत आपण कोण असतो, ते एकमेकींना विचारा. चित्रा, अबू मियाँ, की दार लावून घेणारी शेजारीण? उत्तरं अवघड येतील. त्यानंतर वही काढा.