चोवीस तासांची अट आणि पंचकर्म

आयुष उपचारांना विमा संरक्षण देताना अन्य उपचारांच्या तुलनेत दुजाभाव करू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने ३१ जानेवारी २०२४ रोजीच्या परिपत्रकाद्वारे सर्व कंपन्यांना बजावले. १ एप्रिल २०२४पासून ही समानता अमलात यावयाची होती. आयुर्वेदाच्या वर्तुळात या निर्णयाचे स्वागत झाले, ते स्वाभाविकच होते. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणले तेव्हापासून आरोग्य विम्याची सारी मांडणी आधुनिक वैद्यकाचे रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून झाली. २०१३च्या नियमावलीने अन्य पद्धतींसाठी दार किलकिले केले, तेही शासकीय वा मान्यताप्राप्त संस्थांपुरते. २०२०मध्ये आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत आयुष उपचारांना विमा रकमेच्या मर्यादेपर्यंत स्थान मिळाले. २०२४चे परिपत्रक ही त्यापुढची पायरी होय. परंतु पायरी चढली म्हणजे घरात प्रवेश मिळाला असे नव्हे. उंबरठ्यावर चोवीस तासांची अट उभी आहे.

रुग्ण किमान चोवीस तास रुग्णालयात दाखल असला तरच खर्चाचा दावा ग्राह्य, असा विम्याचा सर्वसाधारण दंडक आहे. मोठ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णाला तो जाचत नाही. पण गृध्रसीने, म्हणजे सायटिकाने, बेजार झालेल्या माणसाला वैद्य बस्तिचिकित्सा सांगतो, ती एका रात्रीत उरकणारी नसते. योगबस्ती आठ, कालबस्ती सोळा, तर कर्मबस्ती तीस, असा तिचा शास्त्रोक्त क्रम आहे. रुग्ण रोज येतो, अभ्यंग व शेक घेतो, बस्ती घेतो आणि घरी जातो. विरेचन करावयाचे तर आधी तीन ते सात दिवस स्नेहपान, मग अभ्यंग-स्वेदन, त्यानंतर प्रत्यक्ष शोधन आणि पुढे पेजेपासून नेहमीच्या जेवणापर्यंत नेणारा संसर्जनक्रम. पंधरवडा सहज जातो. यांतील कोणत्या चोवीस तासांना विमा कंपनी उपचार मानणार? केवळ दाव्यासाठी रुग्णाला दाखल करून घ्यावे, तर खर्च वाढतो आणि व्यवहारात खोटेपणा शिरतो. दाखल करू नये, तर सारा भार रुग्णाच्या खिशावर. वर्षानुवर्षे इमानेइतबारे हप्ते भरणाऱ्या निवृत्त शिक्षकाने या समानतेतून काय समजावे?

दुसरी अडचण व्याख्येची. आयुष रुग्णालयात किमान पाच खाटा, चोवीस तास पात्र चिकित्सक, स्वतंत्र चिकित्सा कक्ष आणि रुग्णांच्या दैनंदिन नोंदी हव्यात. अपेक्षा अवाजवी नाहीत. तथापि तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत निष्ठेने पंचकर्म करणारा वैद्य त्यांत बसत नाही, हेही खरे. आणखी एक विसंगती तर मौजेची आहे. आयुषच्या व्याख्येत निसर्गोपचाराचा समावेश आहे आणि २०१९मध्ये प्रमाणित झालेल्या अपवादांच्या यादीत ‘स्पा’च्या जोडीने ‘नेचर क्युअर क्लिनिक’ही वगळलेले आहे! ज्या राज्यात उरुळी कांचन येथे गांधीजींच्या प्रेरणेने १९४६ साली निसर्गोपचार आश्रम उभा राहिला, तेथील पॉलिसीधारकाने ही दोन कलमे एकत्र कशी वाचावीत?

अॅक्युपंक्चरची अवस्था त्रिशंकूसारखी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बी. के. बसू यांनी पुढे ही विद्या भारतात आणली. महाराष्ट्राने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, २०१९मध्ये केंद्रानेही तिला मान्यता दिली. मात्र आयुषच्या व्याख्येत ती नसल्याने २०२४च्या परिपत्रकाचा तिला उपयोग नाही.

परदेशांत काय घडले, हे पाहण्यासारखे आहे. जर्मनीने २००७पासून सार्वजनिक आरोग्य विम्यात अॅक्युपंक्चर घेतले, पण जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याचा संधिवात या दोनच तक्रारींसाठी. त्याआधी तेथे मोठ्या चाचण्या झाल्या. कंबरदुखीच्या एका चाचणीत एक हजारावर रुग्ण होते. नेमक्या बिंदूंवर टोचलेल्या सुया आणि भलतीकडे टोचलेल्या सुया यांचा गुण जवळजवळ सारखाच आला आणि दोन्ही प्रचलित उपचारांहून सरस ठरल्या. अडचणीचा हा निष्कर्ष दडविला गेला नाही. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने जानेवारी २०२०पासून केवळ जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ वेळा उपचार मान्य केले. सुधारणा दिसली तर आणखी ८, वर्षात २०च्या वर नाही आणि गुण येत नसेल तर बंद. मसाजला मात्र मेडिकेअरने अद्याप थारा दिलेला नाही.

याची दुसरी बाजूही आहे. १ एप्रिल २०१९पासून ऑस्ट्रेलियाने खासगी आरोग्य विम्यावरील सरकारी सवलतीतून १६ उपचारपद्धती वगळल्या, त्यांत योगही होता. पुराव्याचा अभाव हे कारण देण्यात आले आणि पुढे त्या निर्णयाचा फेरआढावाही हाती घेण्यात आला. योगाच्या मायभूमीने त्यावर संतापण्यापेक्षा पुराव्यांची फाइल जाड करावी, हे अधिक श्रेयस्कर.

आयुर्वेदाला आपल्या घरातही डोकावावे लागेल. हॉटेलांतून आणि महामार्गांच्या कडेला ‘आयुर्वेदिक मसाज’चे फलक लावून जो धंदा चालतो, त्याने अभ्यंगाला शीण घालविण्याच्या चैनीच्या पंक्तीत नेऊन बसविले. विमा कंपनीचा अधिकारी पंचकर्माचे बिल पाहून भुवया उंचावतो, तो सर्वस्वी त्याचा दोष नव्हे. स्नेहन-स्वेदन हे पूर्वकर्म आहे, शोधनाची तयारी आहे, हे त्याला कोणी कागदावर दाखविलेच नाही. रोगाचे निदान काय, कोणते औषध किती मात्रेत, आठव्या दिवशी रुग्ण किती वाकू शकला, याच्या नोंदी अनेक चिकित्सालयांत नसतात. आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ पोर्टलवर व्याधींचे संकेतांक २०१७पासून उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात आयुर्वेदीय व्याधींची परिभाषा जानेवारी २०२४मध्ये दाखल झाली. वैद्याने लिहिलेली ‘गृध्रसी’ विमा कंपनीच्या संगणकाला कळण्याची सोय झाली आहे, ती वापरावयाची मात्र वैद्यांनाच आहे.

नियामकाने चोवीस तासांच्या अटीऐवजी पंचकर्मासाठी व्याधीनिहाय दिवस आणि खर्चाची कमाल मर्यादा ठरवून द्यावी. दाखल न होता घेतलेली संपूर्ण बस्तिचिकित्सा हा एकच दावा मानावा आणि ‘नेचर क्युअर’चे कलम दुरुस्त करावे. तोवर मुंबईतील पोदार रुग्णालय वा पुण्यातील ताराचंद रुग्णालय यांसारख्या जुन्या संस्थांनी एका व्याधीपासून आरंभ करण्यास कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. गृध्रसीच्या पुढच्या शंभर रुग्णांची निदाने, दिवस, खर्च आणि गुण, ज्यांना गुण आला नाही त्यांच्यासकट, एका तक्त्यात मांडून तो तक्ता विमा कंपन्यांपुढे ठेवता येईल.