त्रिकोणी चक्राची तहान

आमच्या भगिनीचे चिरंजीव अमेरिकेंत ओहायो प्रांतीं असतात. त्यांजपाशीं इ. स. १९८५ सालची माझदा आरएक्स-७ या नांवाची दोन बैठकांची मोटार आहे. शिक्षण संपल्यावर पहिल्या वर्षाच्या पगारांतून त्यांनीं ती जुनी विकत घेतली, आणि तिच्यावर त्यांचा जीव आहे. परंतु आतां दुसऱ्या अपत्याची चाहूल लागली असून, गॅलनला जेमतेम सतरा मैल जाणारा हा दारचा हत्ती विकून टाकावा असें आमच्या भाचेसुनेचें म्हणणें पडलें. त्यावर चिरंजीवांनीं पेट्रोलाचा खर्च कमी करून दाखविण्याचा पण केला आहे. कोणा मित्रानें त्यांस दोन युक्त्या सांगितल्या: कार्बुरेटरांतील मिश्रणांत पेट्रोल होईल तितकें कमी करावें, आणि एंजिनांत तेल सोडणारा जो लहानसा पंप असतो तो बंद करावा, म्हणजे तेलहि वांचेल. "मामा, हें करूं काय?" असें त्यांचें पत्र आहे. परदेशीं असलेल्या आपल्या मुलांबाळांना जुन्या यंत्रांचा असला नाद पुष्कळ ठिकाणीं असतो. म्हणून खासगी पत्राऐवजीं उत्तर येथेंच देत आहों. मोटार हा आमचा व्यवसाय नव्हे, परंतु दुरुस्तीच्या पुस्तिका लक्ष देऊन वाचणाऱ्यास या एंजिनाचें वर्तन कळण्यासारखें आहे.

माझदा हें नांव वाचून संस्कृतज्ञ वाचक क्षणभर थांबतील. अवेस्तांतील अहुर मझ्दा या देवतेवरून तें घेतलेलें आहे, आणि 'मझ्दा' हा शब्द आपल्या 'मेधा' शब्दाचा सगोत्र होय. कंपनीचे जुने धुरीण जूजिरो मात्सुदा यांच्या आडनांवाशींहि तें जुळतें. हिरोशिमा येथील या कारखान्यानें इ. स. १९३१ मध्यें जी पहिली गाडी काढली ती तीन चाकांची मालगाडी होती. पुढें जर्मनींत फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेचें चक्री एंजिन एनएसयू कंपनींत इ. स. १९५७ मध्यें प्रथम चाललें. त्याचे हक्क हिरोशिमाकरांनीं १९६१ मध्यें घेतले. केनिची यामामोतो यांच्या हाताखालीं सत्तेचाळीस जणांची तुकडी या कामास लागली. कोठीच्या आंतल्या भिंतीवर उठणाऱ्या ओरखड्यांनीं त्यांस इतकें छळलें कीं, त्यांस ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. अखेर १९६७ मध्यें कॉस्मो स्पोर्ट ही मोटार बाजारांत आली.

मग इ. स. १९७३ चें तेलसंकट आलें. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्याच्या चांचणींत या मोटारींचा शहरांतील आंकडा गॅलनला दहा-अकरा मैल निघाला होता. गिऱ्हाइकें पळालीं, कारखाना बुडण्याच्या बेतास आला, आणि सुमितोमो बँकेनें हात दिला म्हणून तरला. त्या वेळीं यामामोतो यांच्या मंडळींनीं इंधनाचा खर्च शेंकडा चाळीस टक्क्यांनीं सुधारण्याचा संकल्प केला; मुद्रा-पट्ट्या, मिश्रण, प्रज्वलन या सर्वांत फेरफार केले; आणि १९७८ मध्यें आरएक्स-७ काढून अब्रू राखली. आरंभींच्या अमेरिकन गाड्यांत धुरांतील उरलेलें पेट्रोल एका तप्त भांड्यांत जाळीत, त्यासाठीं मिश्रणांत पेट्रोल मुद्दाम जास्त ठेवावें लागे. १९८१ पासून त्या जागीं उत्प्रेरक भांडें आलें व ती उधळपट्टी संपली. हें सर्व येथें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, ज्या कारखान्याचा प्राण या एका प्रश्नावर टांगलेला होता त्यानें दहा वर्षें खपून जें साधलें, तें १९८५ च्या गाडींत आधींच आलेलें आहे. स्क्रू पिळून चिरंजीवांच्या मित्रास तेथें आणखी खजिना सांपडेल, हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं.

आतां या एंजिनास तहान इतकी कां लागते तें पाहूं. साध्या एंजिनांत पिस्टन नळ्यांतून वरखालीं होतो. येथें पिस्टन नाहीं. मध्यें किंचित् चिमटलेल्या लंबवर्तुळासारखी एक कोठी, आणि तिच्यांत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरत असतो. त्रिकोणाचीं तीन टोंकें सदैव भिंतीस लागलेलीं असतात, त्यामुळें तीन दालनें होतात. तीं फिरतां फिरतां लहानमोठीं होतात आणि ओढणें, दाबणें, जळणें व सोडणें हीं चारहि कर्में क्रमानें उरकतात. त्रिकोणाचा एक फेरा होतो तेव्हां मधल्या दांड्याचे तीन होतात. अशा दोन कोठ्या या मोटारींत आहेत.

पहिली गैरसमजूत आकाराची. पुस्तिकेंत या एंजिनाचें माप ११४६ घनसेंटिमीटर दिलेलें असतें, आणि तें वाचून मालकास वाटतें कीं एवढ्याशा एंजिनास इतकें पेट्रोल कशास? परंतु हें माप प्रत्येक कोठींतील एका दालनाचें, म्हणजे ५७३ दुणे इतकेंच आहे. चार टप्प्यांचें साधें एंजिन दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकदां आपलें सर्व माप हवा ओढतें; हें प्रत्येक फेऱ्यास ओढतें. म्हणून हवा-पेट्रोलाच्या दृष्टीनें याची तुलना २२९२ घनसेंटिमीटरांच्या एंजिनाशींच केली पाहिजे. इतकें ध्यानांत घेतलें म्हणजे निम्मी तक्रार आपोआप मिटते.

उरलेली तक्रार मात्र खरी आहे. तांब्याभर तापलेलें दूध तांब्यांत ठेवलें तर तास दोन तास ऊन राहतें. तेंच परातींत ओतलें कीं पाहतां पाहतां निवतें, हें घरोघरच्या गृहिणींस ठाऊक आहे. चक्री एंजिनांत ज्वाला पेटते ती जागा लांब, चपटी, परातीसारखी असते, आणि वर ती सरकत असते. उष्णतेचा मोठा वांटा भिंतींत मुरतो. मागच्या चिंचोळ्या कोंपऱ्यांत ज्वाला पोहोंचण्यापूर्वींच धुराचें द्वार उघडतें व अर्धवट जळालेलें पेट्रोल बाहेर पडतें. शिवाय तिन्ही टोंकांवरील पट्ट्यांतून थोडी गळती होतेच. हे दोष आकृतीचेच आहेत. घरच्या दुरुस्तीनें ते जाणार नाहींत. ही मोटार नीट असेल तर गॅलनला वीस मैल, म्हणजे लिटरला साडेआठ किलोमीटर, या अपेक्षेनें वागवावी.

आतां मित्राच्या दोन युक्त्यांकडे वळूं. टोंकांवरच्या ज्या पट्ट्या भिंतीस घांसत फिरतात त्यांस वंगण मिळावें म्हणून तो लहान पंप एंजिनांतील तेल थेंबाथेंबानें आंत सोडतो, आणि तें तेल पेट्रोलाबरोबर जळून जातें. म्हणून हजार-दीड हजार मैलांस सुमारें लिटरभर तेल कमी होणें हा रोग नव्हे. तें कमी होत नसेल तर मात्र शंका घ्यावी. समईंतील तेल वांचविण्यासाठीं तें काढून घेतलें तर वात जळते, तशी येथें पट्टी जाते, आणि पट्टी गेली कीं भिंत जाते. कांहीं शोकी लोक पंप बंद करून दुचाकीचें तेल पेट्रोलांत मिसळतात, हें आम्हांस ठाऊक आहे. तो मार्ग चालतोहि, परंतु प्रत्येक भरण्यास न विसरतां मिसळणाऱ्यासाठींच तो आहे. नवें मूल घरांत आल्यावर बापास रात्रीची झोंप मिळत नाहीं. त्यानें असलें व्रत घेऊं नये.

मिश्रण अतिशय पातळ करण्याची युक्ति दिसावयास शहाणपणाची. परंतु परातींतील विरळ मिश्रण नीट पेटत नाहीं. मग एंजिन अडखळतें, चालक पाय अधिक दाबतो, कार्बुरेटरचीं मोठीं द्वारें उघडतात, आणि वांचविलेल्याहून अधिक पेट्रोल जातें. चढावर एंजिन तापतें तें निराळेंच. मिश्रण पुस्तिकेंतल्याप्रमाणें असावें, कमी नको आणि जास्तहि नको. उत्प्रेरक भांडें काढून टाकण्याचाहि सल्ला कोणी देईल. अमेरिकेच्या कायद्यानें त्यास मनाई आहे, एवढें उत्तर पुरे.

मग करावें काय? प्रथम दाब मोजवावा. सहाहि दालनांत निदान ६ किलोग्राम दर चौरस सेंटिमीटरास असा दाब हवा, आणि एका कोठींतील दालनांत दीड किलोहून अधिक तफावत नको. साधें दाबमापक तिघांपैकीं सर्वांत बलवान् दालनाचाच आंकडा दाखवितें, म्हणून चक्री एंजिनाचें खास मापक असलेल्या कारागिराकडेच जावें. येथें आंकडा कमी आला तर पुढील सर्व उपाय व्यर्थ आहेत.

दाब ठीक असेल तर प्लग पाहावे. प्रत्येक कोठीस दोन प्लग असतात, एक आधीं पेटणारा व एक मागून. आधींचा बंद पडला तर मोटार लगेच कण्हूं लागते. मागचा बंद पडला तर ती चालतच राहते. थोडी मंद, एवढेंच. आणि तें पेट्रोल धुरावाटे तापून निघून जातें. महिनोन् महिने हें मालकाच्या ध्यानांत येत नाहीं. प्रज्वलनाची वेळ तपासण्याचा दिवा चारहि तारांस पाळीपाळीनें लावावा, म्हणजे पांच मिनिटांत निवाडा होतो. सतराचे वीस होण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग बहुधा येथेंच सांपडेल. प्रज्वलनाची वेळहि त्याच बैठकींत पुस्तिकेप्रमाणें लावून घ्यावी.

त्यानंतर निक्की कार्बुरेटर. त्याच्या पेट्रोलाच्या कुंडांस लहान कांचेच्या खिडक्या आहेत. आंतील पातळी खुणेवर आहे कीं वर चढली आहे तें डोळ्यांनीं दिसतें. चोकची मूठ पूर्ण आंत जाते ना, हवेची गाळणी स्वच्छ आहे ना, आणि थर्मोस्टॅट उघडाच अडकून एंजिन थंड तर राहत नाहीं ना, हें पाहावें. थंड एंजिन पेट्रोल पितें. टायरांतील हवा आणि चाकांस चिकटून राहणारे ब्रेक यांविषयीं अधिक सांगण्याची गरज नाहीं. तो कोणत्याहि मोटारीचा धर्म आहे. उंच प्रतीचें महाग पेट्रोल मात्र या बिनटर्बोच्या एंजिनास निरुपयोगी आहे; तेवढे पैसे आजपासूनच वांचतील.

चालविण्याची रीत हा निम्मा उपाय. पाय हळू दाबला तर कार्बुरेटरचीं दोन लहान द्वारेंच काम करतात. दिवसां डोळ्यांसारखे वर येणारे दिवे मिटलेले ठेवावे, ते वाऱ्यास अडवितात. ताशीं सत्तर मैलांऐवजीं साठावर पांचव्या गिअरांत एकसारखें जावें. थांबत थांबत, दोन दोन मैलांच्या फेऱ्यांत हें एंजिन फार उधळें होतें. माझदानें २०२३ मध्यें एमएक्स-३० या गाडींत ८३० घनसेंटिमीटरांचें एकच चक्र पुन्हां बसविलें, तें चाकें फिरविण्यासाठीं नव्हे. तें फक्त वीज तयार करतें, व चाकें विजेच्या मोटारीनें फिरतात. चढउताराचा जाच चक्रापासून दूर ठेवण्याची ही तोड आम्हांस मोठी मार्मिक वाटली.

आतां रोखठोक हिशेब. चिरंजीव वर्षास ५००० मैल या मोटारीनें जातात. सतराच्या दरानें २९४ गॅलन, विसाच्या दरानें २५०; म्हणजे सर्व खटाटोपानें ४४ गॅलन वांचणार. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर वर्षाचे सुमारें १५४ डॉलर. तेलाचा पंप बंद करून पट्ट्या गेल्या, तर एंजिन पुन्हां बांधण्यास कांहीं हजार डॉलर लागतात. परंतु त्यांच्या घरांत दुसरी एक मोटार आहे, ती गॅलनला चाळीस मैल जाते. कचेरी, बाजार, दवाखाना यांचे ४००० मैल तिच्यावर टाकले आणि आरएक्स-७ ला रविवारचे १००० मैल ठेवले, तर दोहोंस मिळून १५० गॅलन पुरतात. वर्षास सुमारें ५०० डॉलर वांचतात. पाळण्यासाठीं मागची बैठक लागेलच, ती या मोटारीस नाहींच. म्हणजे हा बदल एरवींहि करावाच लागणार. भाचेसुनेचा आक्षेप खर्चापुरता असेल तर यांत तिचें समाधान होण्यासारखें आहे, आणि मोटार विकावी लागत नाहीं. आक्षेप मोटारीच्या नादाविषयींच असेल, तर तो प्रश्न पेट्रोलाचा नव्हे, व त्यांत मामानें पडूं नये.

एक गोष्ट मात्र सांभाळावी. क्वचित् चालणारी ही मोटार गॅरेजांतून काढून मिनिटभरांत बंद करूं नये; थंड कोठींत पेट्रोल सांचून पुढच्या वेळीं ती पेटतच नाहीं. सुरू केली कीं पुरी तापेपर्यंत चालवावी, आणि तापल्यावर एखाद्या मोकळ्या रस्त्यावर थोडी जोरानें फिरवावी, म्हणजे पट्ट्यांच्या खांचांत काजळी बसत नाहीं. ओहायोच्या हिवाळ्यांत ती उभी ठेवावयाची असेल तर टांकी भरून, पेट्रोल टिकविणारें द्रव्य घालून, बॅटरी सोडवून ठेवावी. आणि वसंत ऋतूंत प्रथम तेलाची कांडी पाहून मगच किल्ली फिरवावी.